तास वाढवायचे की वाचवायचे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘इन्फोसिस’चे एक संस्थापक श्री. नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा सल्ला दिला, आणि त्यावर वृत्तपत्रांतून व घराघरांतून बराच वाद झाला. कोणाला त्यात राष्ट्रनिष्ठा दिसली, कोणाला मालकवर्गाचा स्वार्थ दिसला. वाद मात्र तास किती असावेत याभोवतीच फिरत राहिला. जे तास आज कामाला दिले जातात त्यांपैकी किती प्रत्यक्ष कामी लागतात, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. वस्तुतः अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोच आधीचा प्रश्न आहे. हंडा गळका असेल तर आणखी एक खेप घालण्यापूर्वी त्याचे भोक बुजवावे, हे पाणवठ्यावरून पाणी आणणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

ज्या धंद्यातून हा सल्ला आला त्या सॉफ्टवेअरच्या धंद्याला हा प्रश्न विशेष लागू पडतो. कापडगिरणीला कापूस लागतो, साखर कारखान्याला ऊस लागतो. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीला प्रामुख्याने माणसाची बुद्धी आणि माणसाचा वेळ एवढाच कच्चा माल लागतो. गिरणीत कापूस वाया गेला तर तो जमिनीवर पडलेला दिसतो. संध्याकाळी झाडून गोळा करून त्याचे वजनही करता येते. अभियंत्याचा वेळ वाया गेला तर तो असा दिसत नाही. अभियंता खुर्चीवर बसलेला असतो, समोर संगणक चालू असतो, हजेरीही लागलेली असते. हजारो अभियंत्यांचा वेळ मोठ्या संस्थांतून कसा गळतो, तो कसा वाचविता येतो आणि वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडावा, हा विचार म्हणूनच केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. हिंजवडीला किंवा ऐरोलीला कामाला जाणारा मुलगा वा मुलगी ज्या घरात आहे, त्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

दहा मिनिटांचा हिशेब

मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ‘विंडोज’ या प्रणालीची सारी आज्ञावली एकाच संग्रहात आणण्याचे काम हाती घेतले, त्याचे उदाहरण बोलके आहे. एकाच आज्ञावलीवर अनेकजण काम करीत असले म्हणजे कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवणारी व्यवस्था लागते. यासाठी कंपनीने ‘गिट’ ही पद्धती निवडली. कंपनीतर्फे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार या संग्रहात सुमारे ३५ लाख फाइली होत्या, त्याचा आकार सुमारे ३०० गिगाबाइट होता आणि त्यावर काम करणाऱ्या अभियंत्यांची संख्या सुमारे ४,००० होती. गिट ही पद्धती लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स प्रणालीच्या कामासाठी तयार केलेली. एवढ्या अवाढव्य संग्रहासाठी ती घडविलेली नव्हती. परिणाम असा झाला की, संग्रहाची प्रत आपल्या यंत्रावर उतरवून घेण्यास १२ तासांहून अधिक वेळ लागू लागला. आपण आतापर्यंत कोणकोणत्या फाइलींत बदल केला आहे, एवढे साधे विचारले तरी उत्तरासाठी १० मिनिटे थांबावे लागे.

दहा मिनिटे म्हणजे एक चहा, असे कोणी म्हणेल. पण हिशेब मांडून पाहावा. ४,००० अभियंत्यांनी दिवसातून हा प्रश्न एकदाच विचारला, तर ४०,००० मिनिटे, म्हणजे सुमारे ६६७ तास होतात. आठ तासांच्या दिवसाने ते ८३ माणसांचे काम झाले. याचा अर्थ ८३ अभियंते रोज सकाळी यावेत, दिवसभर स्वस्थ बसावेत आणि पूर्ण पगार घेऊन घरी जावेत असा होतो. असे ८३ आळशी नोकर कोणत्याही व्यवस्थापनाने आठवडाभरसुद्धा पोसले नसते. तेच ८३ जण ४,००० खुर्च्यांवर दहा-दहा मिनिटांनी वाटून बसले की कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. शिवाय हा प्रश्न दिवसातून एकदा नव्हे, अनेकदा विचारावा लागतो.

यावर कंपनीने योजलेला उपाय समजण्यास सोपा आहे. वाचकाने सारे ग्रंथालय घरी नेण्याऐवजी केवळ सूची घरी ठेवावी आणि जे पुस्तक उघडायचे असेल तेवढेच मागवावे, तशी ही युक्ती होती. साऱ्या फाइली यंत्रावर आहेत असा भास निर्माण करायचा, पण प्रत्यक्षात जी फाइल उघडली जाईल तेवढीच आणून द्यायची. या व्यवस्थेमुळे १२ तासांचे काम काही मिनिटांवर आले आणि १० मिनिटांची प्रतीक्षा ४ ते ५ सेकंदांवर आली. त्या ४,००० जणांपैकी एकालाही यासाठी एक मिनिट जास्त बसावे लागले नाही, किंवा अधिक निष्ठेने काम करण्याचे व्याख्यान ऐकावे लागले नाही.

माणसे वाढवून काम वाढत नाही

काम रेंगाळले की माणसे वाढवा, हा व्यवस्थापनाचा जुना व सोपा तोडगा आहे. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात तो किती फसवा आहे हे आयबीएम कंपनीने साठ वर्षांपूर्वीच अनुभवले. एप्रिल १९६४ मध्ये या कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली आणि तिच्यासाठी ‘ओएस ३६०’ ही कार्यप्रणाली लिहावयास घेतली. या कामाची धुरा काही काळ वाहणारे फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या अंदाजाप्रमाणे १९६३ ते १९६६ या काळात या एका प्रणालीवर सुमारे ५,००० मनुष्यवर्षांचे श्रम खर्ची पडले. काम भरात असताना १,००० हून अधिक माणसे त्यावर खपत होती. तरीही ती प्रणाली वेळेवर झाली नाही. या अनुभवातून ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहिलेला ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा ग्रंथ आजही या विषयातील पायाभूत ग्रंथ मानला जातो. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे नेमली तर उशीर वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढे ‘ब्रुक्सचा नियम’ म्हणून प्रसिद्ध पावला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा नियम प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे जे उदाहरण दिले ते त्याला पाठ असते. दहा माणसांनी काम वाटून घेतले आणि दिवसाला ४८,००० टाचण्या तयार झाल्या. मग सॉफ्टवेअरमध्येच श्रमविभाग का फसावा? याचे उत्तर असे की, तार ओढणाऱ्याला टाचणीचे डोके बसविणाऱ्याशी दिवसभर चर्चा करावी लागत नाही. तार पुढे सरकली की संबंध संपला. सॉफ्टवेअरमध्ये एकाचे काम दुसऱ्याच्या कामात गुंतलेले असते आणि एकाने घेतलेला निर्णय दुसऱ्याला कळावा लागतो. पाच माणसांत दोघादोघांच्या जोड्या १० होतात, दहा माणसांत ४५, शंभरांत ४,९५०, आणि हजारांत ४,९९,५००. प्रत्येक जोडीला बोलावे लागत नाही हे खरे. पण माणसे वाढतात त्याच्या कितीतरी अधिक वेगाने बोलणी वाढतात. नवा माणूस तयार करण्यासाठी जुन्यांपैकीच कोणीतरी आपले काम बाजूला ठेवतो, हे वेगळेच. साहजिकच मोठ्या संस्थेपुढे खरा मार्ग राहतो तो आहेत त्या माणसांचा वेळ मोकळा करण्याचा.

वेळ कोठे जातो?

अभियंता दिवसभर संगणकासमोर बसून आज्ञावली लिहीत असतो, ही सर्वसाधारण समजूत बरोबर नाही. ब्रुक्स यांनी आपल्या अनुभवावरून बसविलेल्या प्रमाणानुसार एकंदर काळाचा एक तृतीयांश भाग आखणीला, अर्धा भाग चाचण्यांना आणि केवळ एक षष्ठांश भाग प्रत्यक्ष लेखनाला जावयास हवा. आजच्या मोठ्या संस्थेत यात आणखी भर पडली आहे. लिहिलेली आज्ञावली यंत्राकडून जुळवून घेताना थांबावे लागते. चाचण्यांचे निकाल येईपर्यंत थांबावे लागते. सहकाऱ्याने ती वाचून संमती देईपर्यंत थांबावे लागते. एखाद्या यंत्रणेत प्रवेशाची परवानगी हवी असेल तर तीन विभागांकडे अर्ज जातो. दहा वर्षांपूर्वी कोणी लिहिलेल्या भागाचा अर्थ लावावयाचा, तर लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो आणि टिपण कोठेच नसते. सरकारी कचेरीतील फाइलीचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. काचेच्या इमारतीतही फाइल टेबलावरून टेबलावर फिरते. फरक एवढाच की तिला लाल फीत दिसत नाही.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. वेळ हा धान्यासारखा कसाही मोजून पोत्यात भरता येत नाही. दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे आणि सलग एक तास यांची किंमत सारखी नसते. लेखापाल लांबलचक रकान्याची बेरीज करीत असताना साहेबाने हाक मारली तर परत आल्यावर तो पहिल्या आकड्यापासून सुरुवात करतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाची अठराव्या पेपरावर तंद्री मोडली की गुणांचा तोल पुन्हा जमवावा लागतो. अभियंत्याच्या डोक्यात एका वेळी डझनभर धागे धरलेले असतात. दहा मिनिटांच्या प्रतीक्षेत तो दुसरे काही उघडून बसतो आणि परत येतो तेव्हा धागे सुटलेले असतात. म्हणून वर मांडलेला ८३ माणसांचा हिशेबसुद्धा खऱ्या हानीपेक्षा कमीच आहे.

सर्वांचे काम ते कोणाचेच नाही

एवढी उघड हानी होत असेल तर ती थांबत का नाही? यातील मेख अर्थशास्त्रीय आहे. समजा, १०,००० अभियंत्यांच्या संस्थेत चाळीस जणांच्या एका गटाचा प्रमुख आहे. एका सुधारणेने प्रत्येक अभियंत्याची रोज पाच मिनिटे वाचतील हे त्याला दिसते. पण त्यासाठी आपला एक चांगला माणूस सहा महिने मोकळा करावा लागेल. त्याच्या गटापुरती बचत दिवसाला २००, म्हणजे सव्वातीन तासांच्या आसपास मिनिटे भरते. त्याला हा व्यवहार परवडत नाही आणि तो ती सुधारणा सोडून देतो. साऱ्या संस्थेचा हिशेब केला तर तीच सुधारणा दिवसाला ५०,००० मिनिटे, म्हणजे १०४ माणसांचे श्रम वाचविणारी ठरते. प्रत्येक गटप्रमुख आपल्यापुरता शहाणपणाने वागतो आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मूर्खपणात होते. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली सार्वजनिक वस्तूंचा जो सिद्धांत मांडला त्याचेच हे कार्यालयातील रूप आहे. रस्त्यावरचा दिवा सर्वांना हवा असतो, पण तो लावण्याचा खर्च एकट्याने करावा असे कोणालाच वाटत नाही.

त्यातच संस्थेच्या आत दुसऱ्याच्या वेळेला किंमतच नसते. बाजारातील प्रत्येक व्यवहाराला खर्च येतो, तो टाळण्यासाठी संस्था जन्माला येतात, असे रोनाल्ड कोझ यांनी १९३७ साली दाखवून दिले. पण बाजार टाळला की त्याबरोबर किमतीची खूणही नाहीशी होते. कार्यालयासाठी एक कपाट विकत घ्यायचे तर तीन निविदा आणि दोन सह्या लागतात. वीस माणसांना तासभर बैठकीत बसविण्यासाठी कोणाच्याच सहीची गरज पडत नाही. आपल्या सोयीसाठी दुसऱ्या गटाला दोन दिवस ताटकळत ठेवणाऱ्याच्या खाती काहीच खर्ची पडत नाही.

आपल्या जुन्या गावगाड्याने हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःचा नांगर स्वतः दुरुस्त करीत बसावे हे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून सुतार-लोहारांना साऱ्या गावाने मिळून पोसले आणि सुगीला त्यांच्या वाट्याचे बलुते घातले. बलुतेदारीने माणसाला जन्माने धंद्याशी जखडले, हा तिचा अन्याय विसरता येत नाही आणि ती गेली हे योग्यच झाले. तथापि अवजारांची देखभाल हा साऱ्या गावाचा खर्च आहे, ही तिच्यातील अर्थदृष्टी मात्र खरी होती. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आज जे ‘साधन-गट’ उभे करतात ते याच जाणिवेतून. गूगल कंपनीचे उदाहरण घ्यावे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, जानेवारी २०१५ मध्ये या कंपनीच्या एकाच सामाईक संग्रहात आज्ञावलीच्या सुमारे २०० कोटी ओळी होत्या आणि सुमारे २५,००० अभियंते तो वापरत होते. कामाच्या एका दिवसात माणसांनी केलेले सुमारे १६,००० बदल त्यात नोंदले जात आणि त्याखेरीज स्वयंचलित यंत्रणा आणखी २४,००० बदल करीत. म्हणजे बदलांचा मोठा वाटा अवजारांनीच उचललेला होता. त्याच कंपनीतील २०१८ च्या एका अभ्यासात, सहकाऱ्याने बदल तपासून संमती देण्याची सारी प्रक्रिया निम्म्या प्रकरणांत चार तासांच्या आत पूर्ण होत असल्याचे आढळले. हे आपोआप घडत नाही. त्यासाठी खास माणसे नेमावी लागतात आणि खास साधने घडवावी लागतात.

येथे संस्थेच्या आकाराला महत्त्व येते. दहा माणसांच्या कंपनीने एकाला केवळ अवजारांच्या कामावर बसविले, तर त्याचा पगार भरून निघण्यासाठी उरलेल्या नऊ जणांची रोज प्रत्येकी ५३ मिनिटे वाचावी लागतील. ते कठीण आहे. दहा हजारांच्या कंपनीत अशा एका माणसाचा पगार प्रत्येकाची रोज तीन सेकंद वाचली तरी वसूल होतो. शंभर माणसे नेमली तर पाच मिनिटे पुरतात. लहान दुकानाने आहे त्या तराजूवर भागवावे, मोठ्या बाजारपेठेने मात्र तराजू दुरुस्त करणारा कायम ठेवावा, असा याचा अर्थ. अर्थात यालाही मर्यादा आहे. पहिली शंभर माणसे सर्वांत मोठी भोके बुजवितात. दुसऱ्या शंभरांना लहान भोके शोधावी लागतात. आणि तिसरी शंभर आपले अस्तित्व सिद्ध करण्यासाठी नवी साधने, नवे अर्ज व नव्या बैठका निर्माण करू लागतात. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली नोकरशाहीविषयी जे लिहिले ते वेळ वाचविण्यासाठी नेमलेल्या विभागालाही लागू पडते.

मोजपट्टीचा धोका

वेळ वाचवायचा तर तो मोजावा लागणार, हे ओघानेच आले. पण येथेच अनेक संस्थांचा पाय घसरतो. कोणी किती ओळी लिहिल्या हे मोजले की ओळी लांबू लागतात. कोणी किती दोष दूर केले हे मोजले की क्षुल्लक दोषांना उधाण येते. मोजमापालाच उद्दिष्ट बनविले की ते मोजमाप विश्वसनीय राहत नाही, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात सांगितले. निकालाच्या टक्केवारीवर शाळेची प्रतिष्ठा ठरविली की शाळेत काय घडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्या शिक्षकांना हा सिद्धांत वेगळा शिकवावा लागणार नाही.

निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल व जीन किम यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याहून समंजस मार्ग सुचविला. नवा बदल ग्राहकापर्यंत किती वेळा पोचतो, लिहिल्यापासून पोचेपर्यंत किती काळ लागतो, पोचलेल्या बदलांपैकी किती फसतात आणि फसल्यावर सेवा पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो, अशी चार मापे त्यांनी मांडली. यांतील एकही माप व्यक्तीचे नाही. चारही साऱ्या व्यवस्थेची आहेत. यातील तत्त्व मोलाचे आहे. पाणी कोठे तुंबते हे शोधण्यासाठी पाटाची पाहणी करावी, पाण्यावर पहारा बसवू नये. अभियंत्याच्या कळफलकावर नजर ठेवणारी आणि तो किती मिनिटे हलला नाही हे वरिष्ठांना कळविणारी साधने जेथे आली, तेथे वेळ वाचण्याऐवजी तो कामात असल्याचा देखावा करण्यात खर्ची पडू लागतो.

तासांवर बिल

या विषयाची भारतीय बाजू वेगळी व अवघड आहे. अमेरिकी कंपनी स्वतःचे सॉफ्टवेअर विकते, तेव्हा अभियंत्याचा वाचलेला तास हा तिचा नफा असतो. आपल्याकडील सेवा-कंपन्यांचे बरेच व्यवहार मात्र किती माणसांनी किती तास काम केले यावर बिल लावून होत आले आहेत. अशा करारात शंभर तासांचे काम साठ तासांत झाले तर चाळीस तासांचे उत्पन्न बुडते. मग वेळ वाचविणारे साधन घडविण्याचा उत्साह कोठून यावा? मजुरीवर विहीर खणणाऱ्याने सुरुंग आणावा अशी अपेक्षा करण्यासारखे ते आहे. यात व्यवस्थापकांच्या नीतीचा प्रश्न नाही. करारच असा आहे की कार्यक्षमतेला दंड आणि दिरंगाईला मेहनताना मिळतो.

आपल्याकडे बुद्धी किंवा दूरदृष्टी नव्हती असे मुळीच नाही. १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या उभारणीत ज्यांचा सिंहाचा वाटा होता त्या फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ साली पुण्यात टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन झाले. आज्ञावलीतील दोष आपोआप शोधणारी, आणि आराखड्यावरून आज्ञावली स्वतःच तयार करून देणारी साधने या केंद्रात घडविली गेली. ‘इन्फोसिस’ची स्थापना त्याच वर्षी, त्याच शहरात झाली होती. अवजारे घडविण्याची परंपरा पुण्याला चाळीस वर्षांहून जुनी आहे. पण साऱ्या उद्योगाचा विस्तार झाला तो अवजारांच्या बळावर फारसा नव्हे, तर स्वस्त तासांच्या बळावर. वर्ष २००० च्या समस्येने जे प्रचंड काम आणले त्याने ही वाट अधिकच रुळली.

आता स्थिती काही अंशी पालटत आहे. अनेक करार ठरावीक रकमेवर किंवा निष्पत्तीवर होऊ लागले आहेत. परदेशी कंपन्यांनी पुणे, बंगळूर व हैदराबाद येथे स्वतःची विकासकेंद्रे थाटली आहेत. तेथे वाचलेला तास त्यांचाच असतो. ज्या प्रमाणात बिल तासांवरून कामावर येईल, त्या प्रमाणात भारतीय अभियंत्याच्या वेळेला त्याच्याच कंपनीत किंमत येईल. ७० तासांचा सल्ला आणि तासांवर बिल लावण्याची पद्धत यांचा संबंध अगदीच योगायोगाचा नाही.

नव्या यंत्राची भर

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाने आता हा सारा प्रश्नच निकालात निघाला, असे काहींना वाटते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९५ व्यावसायिक प्रोग्रॅमरांना एक ठरावीक काम देण्यात आले. ज्यांना ‘कोपायलट’ या साधनाची मदत होती त्यांनी ते ५५.८ टक्के कमी वेळात पुरे केले. काम लहान, नवे आणि स्वतंत्र होते. जुलै २०२५ मध्ये ‘मीटर’ या अमेरिकी संस्थेने प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून वेगळा होता. त्यात १६ अनुभवी अभियंत्यांनी, वर्षानुवर्षे परिचित असलेल्या मोठ्या आज्ञावल्यांवर, २४६ खरी कामे केली. या साधनांमुळे वेळ २४ टक्क्यांनी वाचेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो १९ टक्क्यांनी वाढला. विशेष म्हणजे, काम संपल्यावरही आपला वेळ २० टक्क्यांनी वाचला असेच त्यांना वाटत होते. हा निष्कर्ष त्या वर्षाच्या प्रारंभीच्या साधनांपुरता व त्या प्रकारच्या कामापुरता आहे आणि साधने वेगाने सुधारत आहेत. पण आपला वेळ कोठे जातो याविषयी तज्ज्ञ माणसाचाही अंदाज किती चुकू शकतो, हा त्यातील धडा जुना होणार नाही.

साधे गणितही तेच सांगते. ब्रुक्स यांचे प्रमाण धरले तर प्रत्यक्ष लेखन हा एक षष्ठांश भाग. तो यंत्राने निम्मा केला तरी एकंदर कामातील एक द्वादशांश वेळ वाचेल. उरलेला वेळ आखणी, चाचणी, संमती आणि प्रतीक्षा यांतच जाईल. किंबहुना लेखन वेगवान झाले आणि तपासणारे तेवढेच राहिले, तर तपासणाऱ्याच्या दारातील रांगच लांबेल. एका तोटीची धार मोठी केली म्हणून खालचा अरुंद नळ रुंद होत नाही.

वाचलेला वेळ कोणाचा?

शेवटी प्रश्न राहतो तो वाचलेल्या वेळेच्या वाटपाचा. ग्राहकाला स्वस्त व लवकर काम हवे असते, कंपनीला नफा हवा असतो, आणि अभियंत्याला सहा वाजता घरी जायचे असते. आजवरच्या व्यवहारात तिसऱ्या हक्कदाराची आठवण सर्वांत शेवटी झाली आहे. सुधारणेने रोजचा एक तास वाचला की त्या तासाला नवे काम चिकटविले जाते, आणि मग पुढची सुधारणा सुचविण्याची इच्छा अभियंत्याला राहत नाही. वेळ कोठे गळतो हे सर्वांत आधी त्यालाच दिसते. सांगून आपल्या पदरात काहीच पडत नाही असे त्याला आढळले तर तो सांगणार नाही, आणि कितीही कुशल साधन-गट नेमला तरी त्याला भोके सापडणार नाहीत. बचतीचा काही वाटा कामगाराच्या पदरात पडणे ही म्हणूनच औदार्याची नव्हे, व्यवहाराची बाब आहे.

राष्ट्राच्या उभारणीला श्रम लागतात याविषयी दुमत नाही. परंतु श्रम आणि कार्यालयातील मुक्काम या दोन भिन्न गोष्टी आहेत. आठवड्याचे तास ४८ वरून ७० वर नेण्याची सूचना करण्यापूर्वी त्या ४८ तासांपैकी किती तास प्रतीक्षेत, किती बैठकांत व किती तुटलेला धागा पुन्हा जोडण्यात जातात याचा ताळेबंद प्रत्येक मोठ्या संस्थेने एकदा मांडावा, आणि तो वार्षिक अहवालात नफ्यातोट्याच्या पत्रकाशेजारी छापावा. तो ताळेबंद वाचल्यावरही कोणास तास वाढविण्याची गरज वाटली, तर त्या सूचनेचा विचार अवश्य करता येईल.